छिद्रान्वेष

छिद्रान्वेष म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वागण्यातील, लेखनातील किंवा कामातील बारीकसारीक उणिवा मुद्दाम शोधून काढण्याची आणि त्यांना प्रमाणाबाहेर महत्त्व देण्याची वृत्ती किंवा कृती होय. हा संस्कृतमधून मराठीत आलेला तत्सम शब्द असून तो प्रामुख्याने ग्रांथिक भाषेत, समीक्षालेखनात, अग्रलेखांत आणि वादविवादांत आढळतो. याच अर्थाने 'छिद्रान्वेषण' हा शब्दही वापरला जातो. अशी वृत्ती असणाऱ्यास 'छिद्रान्वेषी' म्हणतात. बोलीभाषेत हाच आशय 'खुसपट काढणे', 'उणीदुणी काढणे', 'नावे ठेवणे' अशा वाक्प्रचारांनी व्यक्त होतो.

हा शब्द नेहमी निंदाव्यंजक असतो. स्वतःच्या परीक्षणाला कोणी छिद्रान्वेष म्हणत नाही; दुसऱ्याने केलेल्या परीक्षणाला तसे म्हटले जाते. त्यामुळे हा शब्द वापरणारा केवळ वर्णन करत नसून निवाडाही देत असतो. दाखवलेला दोष खरा आहे की नाही, यापेक्षा तो दाखवण्यामागील हेतू आणि त्याला दिलेले वजन यांवर या शब्दाचा रोख असतो. म्हणूनच क्षुल्लक दोषदर्शन आणि आवश्यक टीका यांतील सीमारेषा हा या शब्दाच्या वापरातील मुख्य वादविषय ठरतो.

व्युत्पत्ती आणि व्याकरण

'छिद्रान्वेष' हा 'छिद्र' आणि 'अन्वेष' या दोन शब्दांचा षष्ठी तत्पुरुष समास आहे. विग्रह 'छिद्रांचा अन्वेष' असा होतो. दोन शब्द जोडताना अ + अ = आ हा सवर्णदीर्घ संधी होतो.

'छिद्र' हा शब्द 'छिद्' म्हणजे कापणे, तोडणे या धातूपासून आला आहे. छेद, छेदन, विच्छेद हे शब्द त्याच धातूचे आहेत. 'अन्वेष' हा शब्द 'अनु' हा उपसर्ग आणि 'इष्' म्हणजे इच्छिणे, शोधणे हा धातू यांपासून तयार झाला असून त्याचा अर्थ मागोवा घेणे, शोध घेणे असा आहे. अनु + एष या संधीत 'उ'चा 'व्' होऊन 'अन्वेष' हे रूप सिद्ध होते.

'अन्वेष' किंवा 'अन्वेषण' या शब्दांत मुळात निंदेचा अंश नाही. गुन्हे अन्वेषण विभाग, केंद्रीय अन्वेषण विभाग या नावांत तो तपास या प्रतिष्ठित अर्थाने येतो. निंदेची छटा 'छिद्र' या पूर्वपदाशी झालेल्या संयोगातून येते. शोध घेणे दोषास्पद नसून केवळ भोकांचाच शोध घेणे दोषास्पद आहे, असा या समासाचा आशय आहे.

मराठीत 'छिद्रान्वेष' पुल्लिंगी, तर 'छिद्रान्वेषण' नपुंसकलिंगी आहे. 'छिद्रान्वेषी' हे विशेषण लिंग व वचनानुसार बदलत नाही (छिद्रान्वेषी माणूस, छिद्रान्वेषी वृत्ती, छिद्रान्वेषी लेखन). मूळ संस्कृत शब्द 'छिद्रान्वेषिन्' असा इन्नन्त असल्याने मराठीत स्वतंत्र लिहिताना अंत्य 'षी' दीर्घ राहतो. संस्कृत प्रत्यय लागल्यास मात्र तो ऱ्हस्व होतो, जसे, 'छिद्रान्वेषित्व'. 'छिद्रान्वेषीपणा' या रूपात मराठी प्रत्यय असल्याने दीर्घत्व टिकते. शब्दातील शेवटचे व्यंजन मूर्धन्य 'ष' आहे. 'छिद्रान्वेश' हे लेखन चुकीचे आहे.

'छिद्र' शब्दाचा अर्थविस्तार

'छिद्र' या शब्दाचा प्राथमिक अर्थ भोक किंवा भेग असा आहे. भांड्याला, नावेला किंवा तटबंदीला पडलेले भोक हे त्या वस्तूचे दुबळे स्थान असते. यातून उणीव, दोष, वर्मस्थान असे लाक्षणिक अर्थ निर्माण झाले. 'रंध्र' या पर्यायी शब्दाचाही असाच अर्थविस्तार झाला आहे. फलज्योतिषात कुंडलीतील आठव्या स्थानाला रंध्र किंवा छिद्र म्हणतात. आयुर्वेदात आतड्याला भोक पडून होणाऱ्या उदररोगाला 'छिद्रोदर' अशी संज्ञा आहे.

राजनीतीविषयक प्राचीन ग्रंथांत 'छिद्र' हा शब्द जवळजवळ पारिभाषिक स्वरूपात येतो. कौटिलीय अर्थशास्त्रात आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने शत्रूची छिद्रे हेरावीत, पण स्वतःची छिद्रे शत्रूस कळू देऊ नयेत आणि कासवाप्रमाणे आपली अंगे झाकून घ्यावीत, असा उपदेश आहे. येथे छिद्रे शोधणे हा दुर्गुण नसून राजाचे कर्तव्य आहे. युद्धनीतीत उपयुक्त असलेले हे कौशल्य स्नेही, सहकारी, विद्यार्थी किंवा लेखक यांच्याबाबत वापरले गेले की ते निंद्य ठरते. समोरच्याला शत्रू मानण्याची ही छटा आजच्या अर्थातही शिल्लक आहे.

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात दशरथाच्या अश्वमेध यज्ञाच्या संदर्भात एक उल्लेखनीय इशारा येतो. यज्ञकर्मात कोठे छिद्र राहते याचा विद्वान ब्रह्मराक्षस शोध घेत असतात, म्हणून विधी निर्दोष पार पडेल अशी व्यवस्था करावी, असे तेथे सांगितले आहे. दोष शोधणारा अडाणी नसून विद्वान आहे, ही या उल्लेखातील लक्षणीय बाब होय. छिद्रान्वेषासाठी विषयाचे ज्ञान लागते. ते ज्ञान कशासाठी वापरले जाते हा प्रश्न वेगळा आहे.

अर्थाचे घटक

मराठीतील वापर पाहता एखाद्या दोषदर्शनाला छिद्रान्वेष म्हणताना सामान्यतः पुढील गोष्टी अभिप्रेत असतात.

क्षुल्लकता: दाखवलेला दोष मूळ कामाच्या हेतूला किंवा परिणामाला बाधा आणणारा नसतो.

पूर्वनिश्चय: दोष सहज दिसलेला नसून तो सापडलाच पाहिजे अशा निश्चयाने शोधलेला असतो.

एकांगीपणा: गुणांची दखल घेतलेली नसते किंवा ती नावापुरती असते.

निष्फळता: दोष दाखवण्याचा उद्देश सुधारणा हा नसून समोरच्याला कमी लेखणे किंवा स्वतःची हुशारी सिद्ध करणे हा असतो.

यांपैकी पहिला आणि तिसरा घटक प्रत्यक्ष मजकुरावरून तपासता येतो. दुसरा आणि चौथा घटक हेतूशी संबंधित असल्याने ते सिद्ध करणे अवघड असते. छिद्रान्वेषाचा आरोप बहुधा या दोन घटकांच्या आधारे केला जातो आणि म्हणून तो वादग्रस्त ठरतो.

वाक्यातील उपयोग

'करणे' या क्रियापदासह: 'चारशे पानांच्या ग्रंथातील दोन तारखांवरून छिद्रान्वेष करण्यात समीक्षकाने आपला लेख खर्ची घातला.'

विशेषण म्हणून: 'छिद्रान्वेषी नजरेला चांदण्या रात्रीही फक्त ढग दिसतात.'

नाम म्हणून: 'चर्चा मूळ ठरावावर न होता छिद्रान्वेषातच सभा संपली.'

नकारार्थी खुलासा म्हणून: 'हा छिद्रान्वेष नव्हे, पुढील आवृत्ती निर्दोष व्हावी म्हणून या चुका नोंदवल्या आहेत.' ग्रंथपरीक्षणांत शेवटच्या प्रकारची वाक्यरचना विशेष रूढ आहे. परीक्षक दोष सांगण्याआधी किंवा सांगितल्यावर आपला हेतू स्पष्ट करतो.

समानार्थी आणि निकटवर्ती शब्द

खुसपट काढणे: छिद्रान्वेषाचा सर्वांत जवळचा बोलीभाषेतील पर्याय. चांगल्या चाललेल्या कामात किरकोळ हरकत उकरून काढणे असा अर्थ त्यात आहे.

उणीदुणी काढणे: एकमेकांचे दोष, जुन्या चुका उगाळणे. हा वाक्प्रचार कामापेक्षा नातेसंबंधांच्या संदर्भात अधिक येतो. सासर-माहेर, भाऊबंदकी, राजकीय पक्ष यांच्याविषयी तो विशेष वापरला जातो.

नावे ठेवणे: नापसंती व्यक्त करणे, दोष देणे. यात शोध घेण्याचा भाव असेलच असे नाही.

शब्दांचा कीस काढणे: आशय सोडून शब्दांवर वाद घालणे.

काथ्याकूट: काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा तंतू. तो कुटत बसण्यासारखी लांबलेली निष्फळ चर्चा. यात दोषदर्शन असेलच असे नाही.

दोषैकदृष्टी: केवळ दोषच पाहण्याची वृत्ती. हा शब्द स्वभाव दर्शवतो, तर छिद्रान्वेष हा त्या स्वभावाने घडणारी कृतीही दर्शवतो.

निंदा: एखाद्याविषयी वाईट बोलणे. निंदेत सांगितलेला दोष काल्पनिक असू शकतो. छिद्रान्वेषात तो बहुधा खरा पण किरकोळ असतो.

असूया: अमरकोशानुसार गुणांवरही दोषाचा आरोप करणे म्हणजे असूया. मराठीत हा शब्द आता मत्सर या अर्थाने रूढ आहे. असूया ही भावना असून छिद्रान्वेष हा तिचा एक संभाव्य परिणाम आहे.

म्हणी आणि लोकोक्ती

'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ही या संदर्भातील सर्वपरिचित म्हण आहे. कुसळ म्हणजे धान्याच्या कणसावरील किंवा गवताचे टोकदार तूस; मुसळ म्हणजे कांडण्याचे जाड लाकडी साधन. बायबलच्या नव्या करारातील मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत हाच दृष्टान्त आहे आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी कुसळ व मुसळ हेच शब्द योजले आहेत. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला याच अर्थाचे सुनावते. दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रे राजाला दिसतात, पण स्वतःची बेलफळाएवढी छिद्रे दिसूनही दिसत नाहीत, असा तिचा आक्षेप आहे. पाली धम्मपदातही परक्याचे दोष भुसाप्रमाणे पाखडले जातात आणि स्वतःचे मात्र कपटी जुगाऱ्याने आपला डाव लपवावा तसे लपवले जातात, अशी तुलना आहे.

'नाव ठेवी लोकांला, शेंबूड आपल्या नाकाला' ही म्हण याच आशयाची आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीत स्वतःची उणीव झाकण्यासाठी परिस्थितीत दोष काढण्याची वृत्ती दिसते. किरकोळ गोष्ट फुगवण्यासाठी 'राईचा पर्वत करणे' आणि 'पराचा कावळा करणे', तर मोठ्या खटाटोपातून क्षुल्लक निष्पत्ती होण्यासाठी 'डोंगर पोखरून उंदीर काढणे' असे म्हटले जाते. हिंदीतील एका म्हणीत सूप बोलले तर बोलले, पण अनेक भोकांची चाळणीही दुसऱ्याला नावे ठेवते, असे म्हटले आहे. तेथे 'छिद्र' शब्दाचा मूळ आणि लाक्षणिक असे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

संस्कृत सुभाषितांत छिद्रान्वेषी माणसाची तुलना माशीशी केली जाते. निरोगी शरीर सोडून माशी जखमेवर बसते. भुंगा मात्र फुलातील मध शोधतो.

साहित्यविचारातील स्थान

संस्कृत साहित्यशास्त्रात दोषविचार हा काव्यचर्चेचा मान्य भाग आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या ग्रंथाचा सातवा उल्लास काव्यदोषांना वाहिलेला आहे. मम्मटाने काव्याच्या व्याख्येतच शब्द आणि अर्थ दोषरहित असावेत अशी अट घातली. यावर 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने आक्षेप घेतला. पूर्ण निर्दोषत्वाची अट लावल्यास काव्य फारच विरळ होईल किंवा मुळीच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. किड्याने छिद्र पाडलेले रत्न हे रत्नच राहते. त्याचा दर्जा कमी-अधिक होईल, पण त्याचे रत्नत्व जात नाही, असा दृष्टान्त या संदर्भात दिला जातो. दोषाची नोंद घ्यावी, पण त्यावरून वस्तूचे स्वरूपच नाकारू नये, हे तत्त्व येथे मांडले आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात हिमालयाच्या बर्फाविषयी असाच विचार मांडला आहे. गुणांच्या समुदायात एखादा दोष चंद्रकिरणांतील डागासारखा बुडून जातो, असे तो म्हणतो.

याच्या उलट बाजूची एक आख्यायिका भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकाविषयी सांगितली जाते. नाटक ऐकल्यावर कालिदासाने एका श्लोकात केवळ एक अनुस्वार अधिक झाल्याचे सुचवले. 'एवं' ऐवजी 'एव' केल्याने 'अशी रात्र सरली' याऐवजी 'रात्रच सरली, बोलणे मात्र सरले नाही' असा सुंदर अर्थ निघाला. दोन्ही कवी समकालीन नसल्याने ही कथा ऐतिहासिक नाही. मात्र टिंबाएवढा दोष दाखवणेही रसिकतेचे लक्षण असू शकते, हे ती सांगते. सुधारणेने अर्थ वाढत असेल, तर सूचना कितीही बारीक असली तरी ती छिद्रान्वेष ठरत नाही.

मराठीत समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खांची आणि पढतमूर्खांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला दूषण देणारा आणि गुण सांगितले असता अवगुण पाहणारा यांची गणना त्यांनी पढतमूर्खांत केली आहे. ही वृत्ती अज्ञानी माणसाची नव्हे, तर शिकलेल्या माणसाची खोड म्हणून नोंदवली आहे.

'टीका' या शब्दाचा अर्थबदलही या संदर्भात महत्त्वाचा आहे. संस्कृतमध्ये आणि जुन्या मराठीत टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणारे विवरण. 'ज्ञानेश्वरी' किंवा 'भावार्थदीपिका' ही या अर्थाने गीतेवरील टीका आहे, तर मल्लिनाथ हा कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार आहे. आधुनिक मराठीत आधी गुणदोषविवेचन आणि पुढे व्यवहारात केवळ दोषदर्शन असा या शब्दाचा अर्थ झाला. 'त्याच्यावर टीका झाली' या वाक्यात आज प्रशंसा अभिप्रेत नसते. हा अर्थसंकोच झाल्यामुळे गुणदोषांच्या समतोल विवेचनासाठी 'समीक्षा' हा शब्द अधिक वापरला जाऊ लागला.

न्यायदर्शनातील छल आणि वितंडा

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणून घेण्यासाठी होणारी चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी होणारी चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करत राहणे म्हणजे वितंडा. 'वितंडवाद' हा मराठी शब्द यातूनच आला आहे. छिद्रान्वेषी चर्चेचे स्वरूप बव्हंशी वितंडेसारखे असते.

बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून दोष दाखवणे म्हणजे 'छल'. न्यायसूत्रांत त्याचे वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल असे तीन प्रकार आहेत. वाक्छलाचे पारंपरिक उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचे आहे. एखाद्याकडे नवी घोंगडी आहे अशा अर्थाने वक्ता हा शब्द वापरतो. प्रतिवादी मात्र 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन 'त्याच्याकडे नऊ घोंगड्या कोठे आहेत?' असे विचारतो. मराठीतील 'शब्दच्छल' हा शब्द या संकल्पनेशी जोडलेला आहे.

शुद्धलेखन आणि उच्चार

मराठी समाजव्यवहारात छिद्रान्वेषाचा आरोप वारंवार होणारे एक क्षेत्र म्हणजे शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये स्वीकारले गेले. हे नियम पाठ्यपुस्तके, शासकीय लेखन आणि मुद्रण यांत एकरूपता आणण्यासाठी आहेत. 'दिन' आणि 'दीन' किंवा 'सुत' आणि 'सूत' अशा जोड्यांत ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थच बदलतो, त्यामुळे तेथे चूक दाखवणे आवश्यक असते.

मात्र एखाद्याचे म्हणणे न ऐकता केवळ त्याच्या वेलांट्या-उकारांवर बोट ठेवणे हा वेगळा प्रकार आहे. महाराष्ट्रातील अनेक बोलींत 'ण'चा उच्चार 'न' असा होतो. 'पाणी' आणि 'पानी' यांतील फरकावरून बोलणाऱ्याची खिल्ली उडवली जाते, तेव्हा त्यातून त्याची भाषा सुधारत नाही. अनेकदा वर्गात किंवा सभेत त्याचे बोलणेच थांबते. प्रमाणभाषा शिकवणे आणि बोली बोलणाऱ्याला हिणवणे यांत भेद आहे. पहिल्यात विद्यार्थ्याला नवीन साधन मिळते, तर दुसऱ्यात त्याच्या मुद्द्याऐवजी त्याचे मूळ चर्चेत येते.

मानसशास्त्रीय स्पष्टीकरणे

दोष चटकन दिसण्यामागे मानवी मनाची सर्वसाधारण ठेवण असल्याचे मानसशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पॉल रोझिन व एडवर्ड रॉयझमन यांनी, तसेच रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत वाईट गोष्टींचा मनावरील प्रभाव तितक्याच प्रमाणातील चांगल्या गोष्टींपेक्षा अधिक असतो, या निष्कर्षाची चर्चा आहे.

टेरेसा अमाबिले यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना अनुकूल आणि प्रतिकूल पुस्तकपरीक्षणे वाचायला दिली होती. प्रतिकूल लिहिणारे परीक्षक वाचकांना अधिक बुद्धिमान आणि जाणकार वाटले, पण अनुकूल लिहिणाऱ्यांपेक्षा कमी प्रेमळ वाटले. दोष काढणाऱ्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळते, हे छिद्रान्वेष टिकून राहण्याचे एक कारण असू शकते.

डेव्हिड लेव्हारी, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निळे ठिपके दुर्मीळ होत गेले तसे सहभागी लोक जांभळट ठिपक्यांनाही निळे म्हणू लागले. आक्षेपार्ह संशोधन-प्रस्ताव ओळखण्याच्या कामातही हाच प्रकार दिसला. शोधली जाणारी गोष्ट कमी झाली की तिची व्याख्या विस्तारते. त्यामुळे दोष शोधण्याचेच काम असलेल्या व्यक्तीला मोठे दोष संपल्यावर लहान दोष मोठे वाटू लागण्याची शक्यता असते.

संस्थांच्या पातळीवर सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या 'पार्किन्सन्स लॉ' या पुस्तकात विनोदी ढंगाने एक निरीक्षण मांडले. त्यातील समिती अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर करते, पण सायकली ठेवण्याच्या छपरावर दीर्घ चर्चा करते. अणुभट्टी कोणाला कळत नाही, छप्पर मात्र सर्वांना कळते. क्षुल्लक गोष्टींवर मतप्रदर्शन सोपे असल्याने चर्चा तिकडे वळते.

कायद्यातील क्षुल्लकता आणि टीका

क्षुल्लक बाबींची कायदा दखल घेत नाही, हे तत्त्व भारतीय कायद्यातही आहे. सामान्य समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही इतकी किरकोळ हानी करणारे कृत्य गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३३ मध्ये आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९९ नुसार, खटल्याच्या गुणवत्तेवर किंवा न्यायालयाच्या अधिकारितेवर परिणाम न करणाऱ्या चुकीसाठी अपिलात हुकूमनामा फिरवला जात नाही.

दुसरीकडे, प्रामाणिक दोषदर्शनाला कायद्याने संरक्षण दिले आहे. बदनामीच्या गुन्ह्याला असलेल्या दहा अपवादांत लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावरील आणि लोकांच्या निर्णयासाठी सादर केलेल्या कलाकृतीवरील सद्भावपूर्वक मतप्रदर्शनाचा समावेश आहे. योग्य ती दक्षता आणि काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावपूर्वक केली असे मानले जात नाही. मत कडवट आहे की सौम्य, यापेक्षा ते काळजीपूर्वक बनवले आहे का, यावर येथे भर आहे.

टीकेस नकार देण्यासाठी होणारा वापर

छिद्रान्वेष हा शब्द टीकाकाराविरुद्ध ढाल म्हणूनही वापरला जातो. हिशेबातील तफावत, अहवालातील विसंगती किंवा बांधकामातील भेग दाखवणाऱ्याला छिद्रान्वेषी ठरवले की मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. लेखापरीक्षक, मुद्रितशोधक, संगणकप्रणालीचे चाचणीकार, संशोधन-लेखांचे परीक्षक यांचे कामच दोष शोधण्याचे आहे. त्यांच्या कामाला हा शब्द लागू होत नाही, कारण त्यांचा शोध ठरलेल्या निकषांनुसार आणि दुरुस्तीसाठी असतो.

दोषाचा आकार आणि त्याचा परिणाम यांत थेट संबंध असतोच असे नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीमुळे नीट न बसल्याने तेथून तप्त वायू बाहेर पडला, असे चौकशीत निष्पन्न झाले. थंड हवेत या कड्याचे काम बिघडू शकते, असा आक्षेप काही अभियंत्यांनी उड्डाणाच्या आदल्या रात्री घेतला होता. तो मानला गेला नाही. नावेच्या तळाचे छिद्र लहान असले तरी त्याकडे बोट दाखवणारा छिद्रान्वेषी नसतो.

यावरून छिद्रान्वेषाच्या आरोपाची शहानिशा करताना दोन प्रश्न उपयोगी ठरतात. दाखवलेला दोष दूर केल्यास काम अधिक चांगले, सुरक्षित किंवा स्पष्ट होईल का? आणि दोष दाखवणाऱ्याने संपूर्ण काम पाहिले आहे का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर दोष कितीही बारीक असला तरी त्याला छिद्रान्वेष म्हणणे योग्य ठरत नाही.

अन्य भाषांतील समांतर शब्द

हिंदीत 'छिद्रान्वेषण' हा शब्द ग्रांथिक भाषेत, तर 'मीन-मेख निकालना' आणि 'बाल की खाल निकालना' हे वाक्प्रचार व्यवहारात रूढ आहेत. मीन आणि मेष या राशींची नावे पहिल्या वाक्प्रचारात आहेत. इंग्रजीतील 'निटपिकिंग' हा शब्द केसांतील लिखा एकेक करून वेचण्याच्या कृतीवरून आला आहे. जर्मन भाषेत केस उभा चिरण्याची प्रतिमा वापरली जाते. चिनी भाषेतील एका जुन्या चतुरक्षरी वाक्प्रचारात फुंकर घालून केस बाजूला सारणे आणि खालच्या कातडीवरील व्यंग शोधणे असे वर्णन आहे. जपानी भाषेत एकावर एक रचलेल्या जेवणाच्या डब्याचा कोपरा टोकरणे, अशी प्रतिमा आहे. या बहुतेक प्रतिमांत केस किंवा कोपरा यांसारखी बारीक गोष्ट आणि ती वेचण्याची चिकाटी यांचा संयोग आहे. मराठी-संस्कृत शब्दात मात्र बारकाव्याऐवजी छिद्र, म्हणजे दुबळे स्थान, केंद्रस्थानी आहे.

हेसुद्धा पहा

असूया
निंदा
वितंडवाद
शब्दच्छल
समीक्षा
मराठी शुद्धलेखनाचे नियम